अंगठीचा कौल

अक्काच्या डाव्या हातात बांगडी चालत नव्हती. डायलिसिसच्या सुया टोचायला त्या हाताची शीर ऑपरेशन करून फुगवलेली होती. त्या हातावर बांगडी नको, घड्याळ नको, भरलेली कळशी नको. मंगळवारी आणि शुक्रवारी मिरजेच्या दवाखान्यात चार-चार तास तिचा डावा हात मशीनचा असायचा, आणि उजवा तेवढा तिचा. उजव्या हातानं करता येईल असं काहीतरी पाहिजे म्हणून मी तिला गेम शिकवला.

मशीनवरचा माणूस हसला. म्हणाला, "ताईंना देवाधर्माचं काही द्या की वाचायला."

"देवाचं घरी हाय की," अक्का म्हणाली. "हितं मारामारी बरी."

अक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. तिची शाळा सातवीत सुटली. मी कराडच्या कॉलेजातून इंजिनियर झालो. आमच्या घराण्यात कॉलेज आतून बघितलेला पहिला माणूस मी, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही. अक्काच्या किडन्या गेल्याचं कळलं, तसं दाजींनी तिला माहेरी आणून सोडलं आणि ते जे गेले ते गेलेच. माझी कंपनी पुण्याची, पण काम घरून चालायचं. त्यामुळं तिला मिरजेला नेणं माझ्याकडं आलं. मशीनशेजारच्या स्टुलावर बसून मी ऑफिसचं काम करायचो, आणि माझा कॉलेजातला जुना लॅपटॉप खाटेवर सरकवायच्या जेवणाच्या टेबलावर ठेवून अक्का राक्षस मारायची.

गेम हॉस्टेलात सगळ्यांनी पेनड्राईव्हवरून घेतलेला. एक लढवय्यी बाई, पाच मजली भुयार आणि प्रत्येक मजल्यावर राक्षस. राक्षस मेला की त्याच्या अंगातून सामान सांडतं: तलवारी, चिलखतं, अंगठ्या, गळ्यातली. सगळं माऊसच्या एका बटणावर. अक्का तलवारींकडं ढुंकून बघायची नाही. म्हणायची, "ह्या बाईच्या अंगावर सोन्याचा मणी न्हाई रं. नुसती तलवार घिऊन कुठं निघालीया?"

पाचव्या मजल्यावरच्या शेवटच्या राक्षसाकडं एक अंगठी होती. नागाच्या वेटोळ्याची, मधे हिरवा खडा. गेममधल्या यादीत तिनं तिचं चित्र बघितलं आणि बोट ठेवलं. "ही पायजे."

"ती लय दुर्मिळ आहे, अक्का."

"किती टायम मारायचं त्येला?"

"ते सांगता येत नाही."

"मग शिकलास कशाला?"

म्हणून मी तिला सगळं बैजवार समजावलं. राक्षस मेला की कॉम्प्युटर मनातल्या मनात फासे टाकतो. पहिला फासा, काही पडायचं का नाही. पडायचं असेल तर दुसरा, हत्यार पडायचं, चिलखत पडायचं का दागिना. दागिना असेल तर तिसरा, तो साधा, निळा, पिवळा का सोनेरी. आणि सोनेरी आलाच तर सोनेऱ्यातला नेमका कुठला, हा चौथा. चाळणीखाली चाळणी, तसं. चारी चाळण्यांतून गळून खाली आली तर तुझी अंगठी. नशीब वाढवायचा ताईत मिळतो, पण त्यानं फक्त तिसऱ्या चाळणीची भोकं जराशी मोठी होतात. "आणि मागं पडली नाही म्हणून आता पडेल, असंही नसतं. त्याला मागचं काही आठवत नाही."

अक्का माऊस सोडून माझ्याकडं वळली. मग म्हणाली, "म्हंजी कौलागत."

आमच्या गावात देवीला कौल लावतात. गुरव देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवतो. विचारायचं ते आपण मनात धरायचं, तोंडातून काढायचं नाही. उजवी कळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पोरीचं स्थळ असो नाहीतर बोअर कुठं मारायची, लोक आजही कौल लावून ठरवतात. मी हे मानत नाही.

"कौल नाही गं," मी म्हणालो. "हे गणित आहे."

"कळी कवा पडायची ते तरी कुणाला ठावं असतं? पडली म्हंजी पडली."

देवीचं देऊळ टेकावर आहे. त्या पायऱ्या आता अक्काला चढवत नव्हत्या. पुढच्या शुक्रवारी सुया टोचून झाल्यावर ती म्हणाली, "मी मनात धरलंय बग. अंगठी पडली तर व्हय. तवर न्हाई."

मी काही विचारलं नाही, विचारायचं नसतंच. मी धरून चाललो, किडनी मिळून बरी होईन का, एवढंच तिनं धरलं असणार. यादीत नाव होतं. आईला साखर असल्यामुळं तिची किडनी चालत नव्हती, माझा रक्तगट जुळत नव्हता. आजारी माणूस दुसरं काय मनात धरेल?

तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी अक्का पाचव्या मजल्यावर उतरायची. घरी लॅपटॉपला हात लावायची नाही, कारण तिच्या लेखी देऊळ मिरजेत होतं. राक्षस आडवा व्हायचा, ती मान पुढं काढून बघायची आणि म्हणायची, "न्हाई." असा सबंध पावसाळा गेला, ऊसतोडीचे दिवस गेले. मधेच तिचं बीपी पडायचं, पायात गोळे यायचे, माऊसवरचा हात तसाच राहायचा. शुद्धीवर आली की पुन्हा त्याच राक्षसासमोर. आणि पुन्हा, "न्हाई." ते "न्हाई" म्हणताना तिचं तोंड जे व्हायचं ते मला बघवेना.

एका सोमवारी ती दुपारची आडवी झाली होती. मी लॅपटॉप उघडला. गेमच्या एका फाईलीत प्रत्येक राक्षसाच्या पुढं त्याच्याकडून काय काय पडू शकतं याची यादी असते. शेवटच्या राक्षसापुढचं बाकी सगळं, 'काही नाही'सुद्धा, मी खोडलं. एकच अंगठी ठेवली. दहा मिनिटांचं काम. इंजिनियर झाल्याचं एवढं समाधान मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

मंगळवारी राक्षस मेला आणि जमिनीवर सोनेरी अक्षरं उमटली. अक्का ओरडली नाही. उजवा हात तिनं स्क्रीनला लावला, मग कपाळाला. "सुटले," म्हणाली. मला वाटलं, आनंदानं म्हणतेय.

स्टेशनवर तिनं शहाळं मागितलं. शहाळं तिला बंद, पाणीसुद्धा मोजून. मी म्हणालो, "अक्का, अगं!" ती म्हणाली, "आज पिऊ दी रं." सगळं प्याली. मलई काढायला लावली, तीही खाल्ली. मीही म्हटलं, एक दिवस चालायचंच. तिच्याबरोबर हसत होतो मी.

शुक्रवारी सकाळी मी तिची पिशवी भरून बाहेर आलो, तर ती सोप्यात पाय पसरून शेंगा फोडत बसलेली.

"चल, गाडी चुकेल."

"मी येत न्हाई. कौल झाला."

"अगं, कौल झाला म्हणून तर जायचं. नंबर लागेल आता."

"नंबराचं कुणी धरलं व्हतं? मशीन सोडू का, असं धरलं व्हतं मी."

मी पिशवी खाली ठेवली. आई रानात गेली होती. मी अक्कासमोर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. ती अंगठी देवीनं दिली नाही, मी टाकली. फाईल बदलली. कौल खोटा आहे, ऊठ.

तिनं हातातली शेंग खाली ठेवली. "तू टाकलीस?"

"मी."

"का?"

"तुला बरं वाटावं म्हणून."

"मग वाटलं की." तिनं एक शेंग फोडली, दाणे माझ्या हातावर ठेवले. "गुरव कळ्या भिजवतो. किती भिजवायच्या, ते त्येच्याच हातात असतंय. म्हणून कौल खोटा म्हंत्यात व्हय कोण?"

"गुरव मुद्दाम करत नाही."

"तुला काय ठावं?"

मी हात जोडले, रागावलो, वाट्टेल ते बोललो. डॉक्टरांना फोन लावून दिला. ती त्यांना "नको आवं, दमले मी" एवढंच म्हणाली आणि फोन माझ्याकडं दिला. मग मला म्हणाली, "तीन वरसं झाली. आता सोड म्हणून कुणी म्हणालं न्हाई मला. आईबी न्हाई, डाक्टरबी न्हाई. तुझ्या हातनं तरी आलं."

आईला तिनं गेमचं सांगितलंच नाही. मंगळवारी येताना मी तिला धरून टेकावर नेलं आणि देवीनं उजवी दिली, असं सांगितलं. आई दिवसभर रडली. संध्याकाळी तोंड धुतलं आणि तिच्या आवडीची शेंगदाण्याची आमटी केली. कौलाच्या पुढं आई जात नाही. नवव्या दिवशी सकाळी अक्का गेली.

आता कुणी बोलायला आलं, आणि लेकीला मशीनवरून का सोडवलंस असं विचारलं, की आई ताठ बसते. म्हणते, "आमी कोण सोडवणार? देवीनं उजवी दिली. दिली नसती तर मी तिला पाठीवर घिऊन मिरजंला गेले असते." त्या वाक्यावर ती उभी आहे, मला दिसतं. मग ती माझ्याकडं वळते. "व्हय का न्हाई रं? तू व्हतास की संगं."

"व्हय," मी म्हणतो.