वरवरचं नुकसान

गाड्यांचे पोचे काढून रंग मारायचं काम मी पन्नास वर्षं करतोय. शाळा तिसरीपर्यंत, तीही मराठी, म्हणून लिहिताना वेलांटी चुकली तर चुकली. रंगाची चूक मात्र मी सहसा कबूल करत नाही. इथं एक करावी लागणार आहे, ती पुढं येईल.

सोलापुरात, कुंभारीच्या रस्त्याला माझी पत्र्याची शेड आहे. थंडीच्या सुरुवातीला तिथं माढ्याकडचा एक नाववाला आला. उजनीच्या पाण्यावर पक्षी बघायला येणाऱ्या लोकांना तो फिरवून आणतो. त्याच्या मेहुण्याची जीप मी कधीतरी रंगवली होती, तेवढीच ओळख. पोत्यात काहीतरी गोल गुंडाळून आणलं होतं. मला वाटलं कलिंगड आणलं.

पोतं सोडलं तर आत टोपी निघाली. बोटीच्या मागं जे इंजिन लटकवतात, त्याच्या डोक्यावरची फायबरची टोपी. वाऱ्यात शेजारच्या नावेचं नाक येऊन तिच्यावर बसलं होतं. एका बाजूला वीतभर तडा, त्याच्या भोवती रंगाचे टवके उडालेले.

"इंजिनाला काय झालंय?" मी विचारलं.

"कायबी न्हाय चाचा. इंजिन ब्येस हाय."

मग त्यानं खिशातून विम्याच्या साहेबाचा कागद काढला. मी चष्मा लावून दोनदा वाचला. "नुकसान वरवरचे आहे. इंजिनाच्या कार्यास बाधा नाही." म्हणजे भरपाई नाही.

"आन् काठावर नावांची रांग लावतो त्यो मालक म्हणतोय, असली फुटकी टोपी बगून गिऱ्हाईक भ्यातंय. नीट करून आण, तवर तुजी नाव रांगेत न्हाय. आता पक्षी यायला लागल्यात, अन् माजी नाव काठाला बांधून हाय."

मी तो कागद त्याच्या हातात परत दिला तेव्हा माझं डोकं तापलं होतं. वरवरचं आहे म्हणून विमा नाही, आणि वरून वाईट दिसतं म्हणून धंदा नाही. एकाच माणसाला एकाच टवक्यासाठी दोन्हीकडून मारायचं. मग वरवरचं म्हणजे नेमकं काय, हे मला त्या साहेबाला विचारायचं होतं. त्याची स्वतःची गाडी दाराला एवढी घासली तर तो झोपला असता का? माझ्याकडे असे कितीतरी साहेब आले आहेत. इंजिन धूर ओकत असतं, त्याचं त्यांना काही नसतं, पण बंपरला नखाएवढा ओरखडा दिसला की जेवण जात नाही. माझं सगळं आयुष्य या वरवरच्या कामात गेलं. ते काही नाही असं कुणी कागदावर लिहून सही करतो, याचा मला राग येतो. अजून येतो.

"ठेव हितं," मी म्हणालो. "शुक्रवारी ये."

तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडलं, म्हणजे तडा पुढं पळत नाही. आतल्या बाजूनं काचेची जाळी राळेत भिजवून बसवली. बाहेरून पुट्टी भरली, पाणीपेपरनं घासली, परत भरली, परत घासली. आमच्या कामात डोळ्यावर भरवसा ठेवायचा नसतो. डोळे मिटून तळहात फिरवायचा. बायको चहा घेऊन आली तेव्हा मी डोळे मिटून टोपी चाचपत होतो.

"कित्ता लाड करते जी उसका," ती म्हणाली. "पोतरा है क्या तुम्हारा?" पोतरा म्हणजे नातू.

आता चूक. रंग कुठला मारायचा हे बघायला टोपी इंजिनाला अडकवायचा जो खटका असतो, त्याच्याखालची जागा मी पुसली. तिथं ऊन लागत नाही. तिथला करडा रंग एकदम खरा, कंपनीतून निघाला तसा. तसाच रंग मी कालवून मिळवला आणि दुरुस्तीच्या जागेवर मारला. शेडमधल्या ट्यूबलाइटखाली मला फार बरं वाटलं. गाड्यांना मी असंच करत आलोय. पण गाडी रात्री शेडमध्ये उभी असते. ही टोपी वर्षानुवर्षं पाण्यावरच्या उन्हात उघडी उभी होती. वरचं ऊन आणि पाण्यातनं उलटून येणारं ऊन, दोन्ही तिनं खाल्लेलं. शुक्रवारी नाववाला आला, टोपी बाहेर उन्हात नेली, आणि जुन्या धोतराला नव्या कापडाचं ठिगळ लावावं तशी ती जागा दिसली.

मला दिसली तशी त्यालाही दिसली. पण तो म्हणाला, "चालतंय की, चाचा."

मी टोपी दुसऱ्या बाजूनं उन्हाला धरली.

"लई झ्याक झालंय. पान्यावर कोन बगतंय?"

सोलापुरात हा शब्द हवेसारखा आहे. दार लागत नाही, चालतंय की. नळ गळतो, चालतंय की. मला तो शिवीसारखा लागतो. मी पाणीपेपर उचलला आणि त्याच्या डोळ्यांदेखत तो रंग घासून काढला. त्यानं माझा हात धरला, पण तोपर्यंत ठिगळाचं मधलं बोटभर गेलं होतं.

"काय केलं ओ चाचा हे? परवा रविवार हाय. मुंबैची मानसं येनार हायती. इंजिन बोडकं लावू का मी?"

"रविवारी लोक यायच्या आत टोपी तुझ्या इंजिनावर असेल. मी स्वतः आणून देतो."

"आन् परत दिसलं तर?"

"कुणी जागा दाखवली तर मी रंगाची गन खाली ठेवतो. कायमची."

हे बायकोनं ऐकलं. माझी दोन्ही मुलं वर्षभर तेच म्हणत होती, अब्बा, आता हात थरथरतो, बसा घरी. ती नुसती म्हणाली, "हौ, अब देखते." मला तिचाही राग आला.

नवा रंग मारणं कुणालाही येतं. जुना रंग मारणं अवघड. त्या करड्यात पांढरा टाकला तर तो मेल्यासारखा दिसायला लागला. थेंबभर पिवळा टाकला, मग जरा ऊन लागल्यासारखं झालं. शनिवारी सकाळपासून मी दर वेळी पत्र्याच्या तुकड्यावर रंग मारून उन्हात नेत होतो आणि टोपीशेजारी धरत होतो. ट्यूबलाइट बंदच ठेवली. दुपारी मिळाला. कडेला तो इतका पातळ फवारला की कुठं संपतो ते मलाच कळेना. हात थरथरत होता, पण कड विरघळवायला थरथरता हात बरा असतो, हे मुलांना कोण सांगणार.

रविवारी पहिल्या एसटीनं निघालो. टोपी बायकोच्या जुन्या गोधडीत गुंडाळून मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "चाचा, वर ठिवा की." मी म्हणालो, "तुमचं डोकं वर ठेवा."

काठावर नाववाला वाटच बघत होता. टोपी इंजिनावर बसवली, खटका लावला. मालक आला, काठावरच्या नावा ज्याच्या हाताखाली चालतात तो. त्यानं सगळ्या बाजूंनी फिरून बघितलं. वाकून बघितलं.

मग तो नाववाल्यावरच उखडला. "कुटं फुटलंय रं हे? आठ दिस नाव बांधून ठिवलीस, घरी झोपा काढल्यास व्हय?"

"मालक, फुटलं हुतं. ह्या चाचांनी..."

"दाव की मग कुटं ते."

नाववाल्यानं बोट पुढं केलं. टोपीवर इकडं नेलं, तिकडं नेलं आणि शेवटी माझ्याकडं बघितलं. त्यालाही सापडेना.

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. डावीकडं, खटक्याच्या वर चार बोटं. पण दाखवली असती तर जागा दाखवणारा मीच झालो असतो, आणि गन मलाच खाली ठेवावी लागली असती.

"एवढंसं वरवरचं असंल काईतरी," मालक म्हणाला. "चल, लाव रांगेत."

पुन्हा तेच, वरवरचं. रागानं कान तापले होते. मुंबईची माणसं नावेत चढली, नाववाल्यानं मलाही हात देऊन चढवलं. मी मागच्या फळीवर बसलो, इंजिनाकडं तोंड करून. जरा आत गेल्यावर एक बाई मला म्हणाली, "आजोबा, पक्षी तिकडे आहेत, पुढे."

"बघा तुम्ही," मी म्हणालो, आणि टोपीवर ऊन चढताना बघत बसलो.