विद्यार्थिनी शिवम्मा, वय छप्पन्न

आमच्या गावातला सगळ्यांत हुशार विद्यार्थी कोण, असं पुण्याच्या एका कंपनीला विचारलं तर ती छातीठोकपणे सांगेल, शिवम्मा. वय छप्पन्न, धंदा किराणा, शिक्षण चौथी, तीही दोन वर्षं बसून.

राणीसावरगावकडून येणारी एसटी शाळेसमोर थांबते, तिथंच शिवम्माचं दुकान. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग आणि जिभेवर प्रत्येक गिऱ्हाइकासाठी राखून ठेवलेला टोमणा. साखर कमी नेली तर, "कामून, पाव्हणे गेले का?" जास्त नेली तर, "कामून, पाव्हणे आले का?"

अशा सुखी बाईच्या आयुष्यात टॅब आला.

कंपनीनं शाळेला अभ्यासाचा एक टॅब दिला. नोंदणीला पालकाचा मोबाईल हवा, त्यावर ओटीपी येणार, तो दोन मिनिटांत टाकायचा. पालक कापसात, मोबाईल पालकाच्या खिशात, आणि शेतात रेंज म्हणाल तर बाभळीवर चढल्याशिवाय नाही. दिवसभर गावात जागा न सोडणारा मोबाईल एकच, शिवम्माचा. म्हणून धम्मानंद सर टॅब घेऊन दुकानात आले. नंबर टाकला, ओटीपी आला. टॅब म्हणाला, विद्यार्थ्याला कॅमेऱ्यासमोर उभं करा. सर तिसरीतल्या एका पोराला हाक मारायला वळले, तेवढ्यात शिवम्मा वाकून म्हणाली, "काय म्हणायलंय ओ ते?"

खटकन फोटो निघाला. विद्यार्थिनी शिवम्मा. बदल करायचा तर पुण्याला अर्ज. अर्ज केला. पुण्याहून उत्तर आलं: आपल्या अर्जाबद्दल आभारी आहोत.

मग सगळा वर्ग शिवम्माच्याच नावावर शिकायला लागला. एक टॅब, भोवती एकतीस डोकी. टॅब एक गणित विचारी आणि इकडं दंगल उसळे. "पाच!" "येडा हाय का, सात!" हातघाईवर येऊन शेवटी जे उत्तर टिकायचं ते बहुतेक बरोबर निघायचं. शिवम्माची नात अर्पिता वर्गात कधी तोंड उघडत नसे. ती या दंगलीत एक दिवस ओरडली, "च्यूप बसा सगळे, बारा!" बाराच निघाले. त्या दिवशी शिवम्मानं वर्गाला बत्तासे वाटले आणि ठरवून टाकलं, हा टॅब गावातून हलू द्यायचा न्हाई.

टॅबला मात्र वाटे, ही शिवम्मा म्हणजे अचाट बुद्धीची मुलगी. त्यानं तिला भराभर पाचवीच्या अपूर्णांकात नेलं. दुकानात मोबाईल वाजे, 'शाब्बास शिवम्मा! तुमची प्रगती थक्क करणारी आहे.' रविवारी वाजे, 'शिवम्मा, आज तुम्ही अभ्यास केला नाही. आम्हाला तुमची आठवण येते.'

"शिवा शिवा!" शिवम्मा तराजू आपटायची. "सासऱ्यानं एवढा पिच्छा पुरवला न्हाई, तेवढा ह्यो मेला पुरवायलाय."

वर्ष सरलं आणि कंपनीचा माणूस आला. पंकज नावाचा, जिंतूरचा, घामानं चिंब झालेला पोरगा. त्याच्याकडं नोंद अशी, की वर्गात पोरं एकतीस आणि वापरणारी एक. आता त्या एकीनं तरी एकटीनं, कॅमेऱ्यासमोर, वार्षिक परीक्षा द्यायची. पास झाली तर टॅब राहील, नाहीतर वापस.

"अक्का, मला समदं कळतंय," पंकज गयावया करत म्हणाला, "पण सिस्टीमला कळत न्हाई."

"मंग सिस्टीमला घेऊन ये की. चहा पाजते."

शेवटी बसली. वर्ग रिकामा, पोरं खिडकीबाहेर. पहिला प्रश्न: पिझ्झ्याचे आठ तुकडे, त्यातले तीन खाल्ले, उरला किती भाग?

"हे काय असतंय रे?"

"भाकरीसारखं असतंय, अक्का."

"मंग उरंल कशाला? घरात सात माणसं हायत."

खिडकीतून ओरडा झाला, "पाच छेद आठ!" लगेच टॅब लाल झाला, 'खोलीत दुसरी व्यक्ती आहे.' शिवम्मा पोरांवर खेकसली, तर तिच्याच खेकसण्यानं तो पुन्हा लाल झाला. तिनं चष्मा पुसला, पदर सावरला आणि इमानदारीनं शेवटपर्यंत बोट चालवलं. वीसपैकी चार. 'काळजी करू नका शिवम्मा, अपयश ही यशाची पहिली पायरी आहे.'

अर्पिता खिडकीचा गज धरून बघत होती. शिवम्मानं तिच्याकडं पाहिलंच नाही.

"पंकज, माझं ऱ्हाऊ दे. त्या एकतीस जणांना एकदम इचार. बग काय सांगत्यात."

"तशी सोय न्हाई, अक्का."

त्यानं टॅब पिशवीत घातला आणि स्वतःचा मोबाईल काढला. टॅब वापस न्यायचा तर कारण भरणं सक्तीचं होतं. तो वाचू लागला, "इंटरनेट नाही. वीज नाही. पालकांना रस नाही. शिक्षकांना रस नाही."

"लेकरं लय आन् यंत्र एकाचंच ऐकतंय, असं हाय का त्यात?"

"न्हाई."

"मंग आपल्याला लिव्हता येतंय का?"

"जागाच न्हाई. एक दाबल्याशिवाय फुडं जात न्हाई."

शिवम्मा उठून उभी राहिली. "पालकांना रस न्हाई असं दाबलंस तर जिंतूरला चालत धाडीन. सरांचं तर नावबी घेऊ नको."

पंकजनं वर पाहिलं. डोक्यावर पंखा भन्नाट फिरत होता. त्यानं मान खाली घातली आणि दाबलं, 'वीज नाही.'

"दाबलं?"

"दाबलं."

"झालं तर मंग," शिवम्मा पायात चपला सरकवत म्हणाली, "आता फुडच्या साली जनरेटर पाठवतील."