रुळावरचा ब्रेक आणि यांची पिशवी

आमचे हे खोटं बोलायच्या आधी पाणी मागतात. लग्न झाल्यावर थोड्याच दिवसांत ही खूण माझ्या ध्यानात आली होती, पण यांना मी ती कधी कळू दिली नाही. त्या दिवशी कामावरून आले, तांब्या मागितला, गटागटा प्यायले आणि म्हणाले, "मशीनला नवीन सिस्टीम बसवली. आता काई भेव न्हाई."

"म्हणजे पुन्हा त्याच मशीनवर?"

"मशीन तेच. चाकं बदलली न्."

मी तव्यावरची भाकरी तशीच सोडून यांच्यासमोर बसले.

तेव्हा हिंगोलीची रेल्वेची छोटी लाईन उखडून मोठी लाईन टाकायचं काम चालू होतं. गाड्या बंद होत्या. आमचे हे एका ठेकेदाराच्या खोदायच्या मशीनवर ऑपरेटर. ते मशीन रस्त्यानं टायरवर यायचं आणि फाटकापाशी पोटाखालची लोखंडी चाकं सोडून रुळावर चढायचं. गोम इथंच होती. ब्रेक सगळे टायरला. लोखंडी चाकं टेकून टायर अधांतरी झाले, की ते लोखंडी चाकांवर पुन्हा दाबून बसवेपर्यंत एवढ्या मोठ्या धुडाला धरायला काही नसायचं. आदल्या उन्हाळ्यात कयाधूच्या पुलाकडच्या उतारावर ते असंच सुटलं. यांनी खोदायची बकेट खडीत रोवली म्हणून थांबलं, पण खाली उभा असलेला यांचा कामावरचा जोडीदार चाकाखाली सापडला. त्याचा पाय गेला. मी यांच्यासोबत डबा घेऊन दवाखान्यात गेले, तर त्याची बायको बोलत होती माझ्याशी आणि बघत होती यांच्या पायांकडं. दोन्ही पायांकडं. ती नजर माझ्या डोक्यातून आजही जात नाही.

म्हणून मी यांना जेवू देईना. "आधी सांगा, काय बदललं?"

यांनी ताटात भाकरीचा तुकडा ठेवून समजावलं. आता लोखंडी चाकातच मोटर, तेलाच्या दाबावर फिरणारी. ब्रेकही तिथंच. तेलाचा दाब ब्रेकला उघडं धरतो. दाब गेला, की आतली स्प्रिंग ब्रेक गच्च आवळते.

"म्हणजे तेल गळालं, इंजिन बंद पडलं, तर मशीन पळायचं सोडून थांबतं?"

"व्हय. बराबर."

"काहून येड्यात काढून राहिले मला? दाब गेल्यावर कोणाचा जोर वाढतो का?"

हे हसले. मी हसले नाही. यांना कामावर जायचं होतं आणि मला गप्प करायचं होतं, एवढंच मला त्यातून कळलं.

त्यात आणखी ती पिशवी. नव्या चाकांपासून हे डब्यासोबत एक खाकी पिशवी न्यायला लागले होते. गाडीला स्वतः अडकवायचे, स्वतः काढायचे आणि खोलीत उंच खुंटीला टांगायचे. मी हात लावला की, "राहू दे, पाने हायेत." पान्यांचा खळखळाट कसा होत नाही? मला वाटलं, बाटली. भेवापोटी प्यायला लागले. दारू पिऊन मशीनवर बसत असतील तर मग बघायलाच नको! माझी झोपच उडाली.

एक दिवस आमच्या पोरीला शेजारणीकडं ठेवलं आणि डबा द्यायच्या निमित्तानं सरळ फाटक गाठलं. मशीन रुळावर चढलेलं, टायर हवेत. हे खाली उतरले. इकडंतिकडं पाहिलं, पिशवीत हात घातला. आता सापडले, म्हटलं!

निघाला लाकडाचा गुटका. छोट्या लाईनच्या रुळांखालच्या जुन्या स्लीपरचा, एका बाजूनं तासलेला. यांनी तो उताराच्या बाजूच्या चाकामागं सारला आणि वर बुटानं ठोकला.

मी जवळ गेले. "हेच का तुमचे पाने?"

यांचं तोंड उतरलं. चाकं बसवणारा वर्कशॉपचा मिस्त्री तिथंच होता, तो गालात हसायला लागला. "भाभी, मी रोज सांगतो, याची गरज न्हाई. ऐकतच न्हाईत."

"तुमचाच इश्वास न्हाई," मी यांना म्हटलं, "अन् मला भाकरीचे तुकडे दाखवता? काढा तो गुटका. इंजिन बंद करा. माझ्यासमोर."

मिस्त्रीनं इंजिन बंद केलं. यांनी वाकून गुटका ओढला आणि पटकन मागं सरले. मशीन कचकन बोललं, बोटभर हाललं असेल-नसेल, आणि थांबलं. उतार तोच, धूड तेच. आम्ही तिघं उभे. ते हाललं नाही.

"आता तरी झालं समाधान?" मिस्त्रीनं विचारलं.

"न्हाई," मी म्हटलं. यांनी गुटका उचलला आणि परत चाकामागं ठेवला. बाटली नव्हती म्हणून मला बरं वाटलं, आणि गुटका होता म्हणून रडू आलं. घरात मी एकटीच घाबरत नव्हते तर!

त्यानंतर पिशवीची लपवाछपवी संपली. डबा मी भरायची, गुटका हे भरायचे.

मग पावसाळा सरल्यावर एका सकाळी हे गेले आणि पिशवी खुंटीलाच राहिली. मी हात लावून पाहिलं. जड होती. माझ्या मनात आलं, चला, बसला एकदाचा इश्वास यांचा त्या ब्रेकवर. आनंद व्हायला पाहिजे होता. मी भाजी फोडणीला टाकली, परत खाली उतरवली. खुंटीकडं पाहिलं. इतके दिवस न विसरणारा माणूस आजच कसा विसरला? मेलं ते घरकाम! पिशवी खांद्याला मारली, पाण्याची बाटली घेतली आणि फाटकाची वाट धरली.

मशीन रुळावर उभं होतं. चाकामागं काही नव्हतं. मला येताना पाहून हे खाली उतरले.

"काहून आलीस? मुद्दामच ठेवून आलो मी ते. गरजच न्हाई आता. भेव गेलं माझं," असं बोलायच्या आधी यांनी माझ्याकडं हात पुढं केला आणि पाणी मागितलं.

मी बाटली दिली. हे पीत होते तोवर मी खाली वाकले आणि गुटका चाकामागं माझ्या हातानं बसवला.