युसुफभाईंची मँचेस्टर-शिकवणी

मँचेस्टरला कामानिमित्त निघालेला कोणी गृहस्थ सल्ल्यासाठी आला, की युसुफभाई त्याला आधी सामानासकट दुबईच्या खाडीवर नेत. विमान दुसऱ्या दिवशीचे असले तरी बॅग आजच भरलेली हवी, असा त्यांचा दंडक होता. बर दुबई भागातल्या धक्क्यावर ते स्वतः बाजूला उभे राहत आणि त्या गृहस्थाला आपली बॅग आपणच उचलून डुलत्या अब्रामध्ये, म्हणजे उतारूंच्या त्या लाकडी होडीत, पाऊल टाकायला लावत. खाडी ओलांडून पलीकडे देराला जायचे आणि तसेच परत यायचे. एका हाताने बॅग आणि दुसऱ्याने तोल सांभाळता आला, तर परीक्षा उत्तीर्ण. एखादा बँकेचा अधिकारी घामाघूम होऊन परतला, की युसुफभाई शांतपणे सांगत, "आता घरी जा आणि अर्धं सामान काढा. तिकडच्या स्टेशनात तुमची बॅग धरायला कोणी येत नसतो, हबीबी."

युसुफभाई मूळचे रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. तरुणपणी दुबईला आले आणि हापूसच्या रसाच्या डब्यांचा व्यापार त्यांनी उभा केला. गोदाम जबल अली बंदरात आणि सर्वांत मोठा खरेदीदार मँचेस्टरला, त्यामुळे त्या शहराच्या फेऱ्यांत त्यांचे अर्धे आयुष्य गेले. संस्कृतच्या अध्यापनातून निवृत्त होऊन मी मुलाकडे राहायला आलो, तेव्हा ते आमचे शेजारी झाले. पहाटे त्यांची नमाज आणि माझी संध्या साधारण एकाच सुमारास आटोपे. मग आपापल्या सज्जात उभे राहून आम्ही मधल्या भिंतीवरून बोलत असू. ते मला गुरुजी म्हणत. ज्याचा दिवस ईश्वरस्मरणाने उगवतो, त्याच्या शब्दाला एक वेगळे वजन असते, हे मी त्या भिंतीशी उभा राहून अनुभवले.

त्यांच्या शिकवणीला येणाऱ्यांत अभियंते असत, हिशेबनीस असत, नव्यानेच धंद्यात पडलेली मुले असत. विमान उतरेल त्या दिवशी एकही मीटिंग ठेवू नका, हे ते प्रत्येकाला बजावत. गाडी भाड्याने घेऊ नये, ट्रामच्या थांब्याजवळचे हॉटेल पाहावे, आणि सोमवारची भेट ठरवण्यापूर्वी त्या दिवशी तिकडे सुट्टी तर नाही ना, हे विचारून घ्यावे, असे त्यांचे सांगणे असे. छत्री घेतलेला मनुष्य दिसला की त्यांना हसू येई. "ही इथेच ठेवा. तिकडचा वारा ती उलटी करून तुमच्या हातात देईल. डोकं झाकणारा रेनकोट घ्या. आणि बूट असे घ्या, की पाण्यातून चालून गेलात तरी मीटिंगला शोभतील." प्लगची मात्र चिंता नको, तो इथल्यासारखाच तीन पिनांचा, इंग्रज जाताना आपल्यासाठी तेवढा एक विसरून गेला, असे ते म्हणत. फुटबॉलचा विषय निघाला तर आपण क्रिकेटवाले असल्याचे सांगून मोकळे व्हावे, कारण त्या शहरात दोन संघ, आणि एकाचे नाव घेतले की अर्धे शहर हातचे गेले.

परंतु त्यांची खरी शिकवण पुढेच असे. आखातात व्यवहाराची बोलणी सावकाश चालतात. आधी कॉफी, मग मुलाबाळांची चौकशी, आणि काम सर्वांत शेवटी. तिकडे चहा येईपर्यंत निम्मे काम झालेले असते. म्हणून ते सांगत, "इन्शाल्ला मनात जरूर म्हणा. अल्लाह मनातलं ऐकतो. खरेदीदाराला मात्र तारीख सांगा." त्यांना सर्वांत अप्रिय शब्द म्हणजे "नो प्रॉब्लेम". इथे कोणी काहीही विचारो, आमची माणसे आधी नो प्रॉब्लेम म्हणून मोकळी होतात. युसुफभाईंच्या मते, हा शब्द ऐकला की इंग्रज व्यापारी वही मिटतो. अडचण कोणती, हे जो आपणहून सांगतो, त्याच्याशीच तो पुढे बोलतो.

या शिकवणीची कसोटी त्यांच्या स्वतःच्या घरी लागली, ती त्यांच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर. डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केला, आणि नेमका त्याच वर्षी मँचेस्टरचा करार संपत होता. तो करार गेला असता, तर जबल अलीचे गोदाम मिटवावे लागले असते आणि तिथल्या माणसांना गावी परतावे लागले असते. माझी नात मुक्ता तेव्हा त्यांच्याच कचेरीत निर्यातीचे काम पाहत होती. ती जन्माने आणि शिक्षणाने इथलीच. मराठीत विचारले तरी उत्तर इंग्रजीत देणारी. आपल्या जागी तिनेच जावे, असे युसुफभाईंनी ठरवले.

त्यात एक विघ्न आले. त्या हंगामातील डब्यांचा एक कंटेनर कचेरीच्याच हयगयीमुळे भर उन्हाळ्यात उघड्या आवारात पडून राहिला होता. रस काळवंडला, वास उतरला. खाण्यास अपाय नव्हता, परंतु तो युसुफभाईंचा माल राहिला नव्हता. मागे राहिलेला एक डबा उघडल्यावर हे ध्यानात आले, तोवर बाकीचे डबे मँचेस्टरच्या गोदामात पोहोचले होते. तिथे अजून कोणी डबा उघडला नव्हता.

त्यांचा मुलगा फैसल व्यवहारी होता, दुष्ट नव्हता. गोदामातल्या माणसांची काळजी त्यालाही होती. आमच्या बैठकीत बसून तो वडिलांना म्हणाला, "अब्बा, आधी सही होऊ दे. तक्रार आली की डबे बदलून देऊ. आजच सांगितलं तर खलास, सगळंच जाईल."

युसुफभाईंनी त्याचे सर्व म्हणणे ऐकून घेतले. नंतर ते मुक्ताकडे वळून म्हणाले, "बेटा, खुर्चीवर बसलीस की पहिलं वाक्य त्या डब्यांचं. त्यांचा चहा यायच्या आधी. चहा पिऊन मग सांगितलंस, तर ते खरं असूनही उशिराचं होईल."

तिने घाबरून माझ्याकडे पाहिले. आयुष्यभर सत्यावरची वचने मी विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतली. ती कोणत्या क्षणी उच्चारायची, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारा आचार्य माझ्यासमोर बसला होता.

मुक्ता गेली आणि पहिले वाक्य तिने तेच उच्चारले. खरेदीच्या प्रमुख बाईंनी समोरचे कागद बाजूला सारले, गोदामातून एक डबा मागवला, चमच्याने रस चाखला आणि तो सर्व माल परत नेण्यास सांगितले. कराराविषयी मागाहून कळवू, एवढेच त्या बोलल्या. चहा आला, पण मुक्ताच्याने तो पिववला नाही. फोनवर हे ऐकून फैसल कचेरीत निघून गेला.

वाचकाला उगाच टांगणीला ठेवणे मला आवडत नाही. करार पुढे झाला, आणि मुक्ताने रस चाखून होकार दिल्यावरच माल निघेल, अशी अट त्या बाईंनी स्वतःच घातली. गोदाम आजही चालू आहे. युसुफभाई मात्र आता नाहीत. गावच्या कबरस्तानात ते विसावले आहेत. त्यांची आठवण काढली की मला तो करार आठवत नाही. आठवते ती मुक्ता परतली त्या दिवसाची विमानतळावरची सायंकाळ, जेव्हा काहीच हाती आलेले नव्हते.

डॉक्टरांचे न ऐकता युसुफभाई माझ्याबरोबर आले होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्यावर जाळीची टोपी आणि अत्तराचा मंद गंध. ईदला असत तसा सगळा थाट. फैसल मागे उभा राहून हळूच म्हणाला, "अब्बा, ऑर्डर तर मिळालेली नाही." त्यांनी वळूनही पाहिले नाही.

मुक्ता बाहेर आली. तिचे डोळे सुजलेले होते. त्यांना पाहताच ती थबकली आणि म्हणाली, "आय ॲम सॉरी, चाचा. मी सगळं सांगितलं. त्यांनी सही नाही केली."

युसुफभाईंनी तिच्या मस्तकावर हात ठेवला. येणारेजाणारे वळून पाहत होते, आणि त्या वृद्धाच्या मुद्रेवर असे तेज होते, की जणू पोटची लेक जग जिंकून परतली आहे.

"ऑर्डर आणायला कोणालाही पाठवता आलं असतं, बेटा," ते म्हणाले. "हे सांगायला मी तुला पाठवलं होतं."