उसण

माझी बहीण राज्य स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात सर्व्हिस करायला उभी राहिली आणि कोर्टवर पडली. दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली होती. मी गॅलरीत होते, आबा कोर्टच्या कडेला.

आबा म्हणजे आमचे वडील, तरुणपणीचे पैलवान. आई आम्ही लहान असतानाच गेली. मी पुस्तकात शिरले, धाकटी आबांच्या मागे तालमीत. तालमीमागच्या हॉलमध्ये कुणीतरी तिच्या हातात रॅकेट दिली आणि ती तिकडचीच झाली. आबांना बॅडमिंटनमधलं काही कळत नव्हतं. त्यांनी तिला पैलवानासारखंच वाढवलं. पहाटे जोर-बैठका, खेळून आल्यावर बदामाची थंडाई.

कोपऱ्यावरचा पानवाला ओरडायचा, "काय पैलवान, पोरगी पिसं उडवाय लागली म्हणं!"

"पिसं न्हाय, समोरचीची झोप उडवती," आबा तेवढ्याच मोठ्यानं सांगायचे.

ती जिल्ह्यात जिंकली, मग राज्यात. पानवाल्यानं पेपरातला तिचा फोटो टपरीला चिकटवला.

राज्यात अजिंक्य ठरली त्या वर्षी मला ते पहिल्यांदा दिसलं. लांबलेली रॅली संपली की ती रॅकेट काखेत धरायची आणि तळवा डाव्या बरगडीवर दाबायची. लोक टाळ्या वाजवत असायचे. मी तो हात खाली येण्याची वाट बघायचे. पुढे पुढे मला शटल दिसेनासंच झालं, फक्त हात दिसायचा.

"उसण भरली असंल," आबा म्हणाले. तालमीत छातीत, पाठीत, बरगडीत काहीही धरलं की ती उसणच, आणि तिच्यावर इलाज एकच, कोमट तेलानं चोळायचं. त्यांनी चोळलं की तिला खरंच बरं वाटायचं. त्याचीच मला जास्त भीती वाटायची.

एकदा जिना चढताना ती मधेच थांबली. ओठ पांढरे पडले होते. मी डॉक्टरांचा विषय काढला.

"ताई, तू लय वाचतीस, म्हणून भितीस."

"वाचते म्हणूनच सांगते. उद्या जाऊ."

"यंदा राज्य स्पर्धा आपल्या गावात हाय. आता डॉक्टर म्हणला घरी बस, तर काय करू? झाली की जाऊ, शप्पथ."

आबा तेल तापवत होते. "उसणीला कुणी डॉक्टरकडं जातं व्हय?"

मी डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली, स्पर्धा संपल्याच्या दुसऱ्या दिवसाची. सामन्यांचे ते दिवस मी गॅलरीत गुडघे घट्ट धरून काढले. ती जिंकत होती, म्हणजे अजून एक सामना खेळणार होती.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हृदयाचा स्नायू जाड झालेला असावा, हा दोष घराण्यात असू शकतो. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "पण चोळल्यावर जायची की."

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली.

आम्हा दोघांनाही तपासून घ्यायला सांगितलं होतं. मी घेतलं, माझ्यात काही निघालं नाही. आबा तयार होत नाहीत. "मला काय धाड भरलीया?" म्हणतात आणि आतल्या खोलीत जोर काढायला जातात. मी दाराशी उभी राहून त्यांचा श्वास ऐकते.

घरात आता आम्ही दोघं आहोत. आबांची तपासणी अजून व्हायची आहे.