मंजूच्या तापाच्या गोळ्या

घरात एखादं आजारपण होऊन गेलं की औषध संपतं आणि किस्से उरतात. आमच्या नायगावच्या चाळीत एकाच्या तापाचे किस्से सगळा मजला सांगतो, आणि त्यात फजिती बहुतेक माझीच असते. म्हणून म्हटलं, आपणच लिहून टाकावेत. निदान आपली बाजू तरी येईल.

मंजू तेव्हा चार वर्षांची. गिरण्यांचा संप सुरू होऊन सात-आठ महिने झाले होते आणि माझे सासरे, अण्णा, गिरणीतले साचे, म्हणजे माग, सोडून घरी बसलेले. तेव्हा मंजूला मलेरिया निघाला आणि माझी झोप उडाली. काळजी तापाची नव्हती. ताप हाताला कळतो. काळजी गोळीची होती. अर्धी गोळी म्हणजे नेमकी केवढी, हे बी. ए. झालेल्या बाईला ठरवता येईना.

\*

पण आधी निदानाचं सांगते. नाक्यावरच्या डॉक्टरांकडे मंजूला घेऊन मी आणि अण्णा गेलो. ताप रोज येतो की दिवसाआड, हे डॉक्टरांना हवं होतं. त्यांनी अण्णांना विचारलं, "काय अण्णा, पाळीचा वाटतो का?"

अण्णा म्हणाले, "आता कसली पाळी, डॉक्टर. पहिली बंद, दुसरी बंद, तिसरीपण बंद."

डॉक्टरांनी मंजूच्या बोटातलं रक्त काचपट्टीवर घेतलं. म्हणाले, "मग रक्तालाच विचारू."

\*

रक्तानं मलेरिया सांगितला. डॉक्टरांनी मंजूचं वजन केलं आणि चिठ्ठीवर लिहून दिलं. तीन दिवस, पोटात अन्न गेल्यावर, शेवटच्या दिवशी अर्धी. ताप उतरला तरी मधे थांबायचं नाही.

शेजारच्या परबकाकूंना वाटलं, गोळ्या घ्यायला मी उगाच औषधाच्या दुकानात गेले. "माका विचारूचा होता. आमच्या बाबूच्यो गोळ्यो उरल्यो हत."

"उरल्या कशा, काकू?"

"ताप गेलो. मगे कित्याक खायत?"

बाबू दहावीत, चांगला उंचपुरा. मी म्हटलं, त्याच्या मापाच्या गोळ्या मंजूला कशा चालतील? काकू जरा घुश्शातच गेल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी परत दारात. "गो, त्या डॉक्टराचो दवाखानो किती वाजता उघडता? बाबूक परत थंडी वाजता."

\*

मंजूच्या गोळ्यांच्या दुसऱ्या दिवशी चूक माझी झाली. मंजू जेवायला तयार नव्हती, आणि मी घड्याळाला घाबरून गोळी उपाशीपोटीच दिली. तिनं ती ओकली. सासूबाई म्हणाल्या, "दुसरी दे." मी म्हटलं, "आणि पहिली थोडी पोटात राहिली असेल तर?" सासूबाई म्हणाल्या, "मग नको देऊ." मी धावत दवाखान्यात.

डॉक्टरांनी विचारलं, "गोळी दिल्यावर किती वेळानं ओकली?"

"आमटी उतू गेली ना, तेव्हाच."

"बाई, आमटी किती वाजता चुलीवर ठेवली होती?"

हिशोब दहा मिनिटांवर आला. गोळी तशीच बाहेर पडली होती, म्हणून त्यांनी एक जादा लिहून दिली. आधी मऊ भात भरवा, मग गोळी, आणि पुन्हा ओकली तर मनानं काही न देता इकडे या, असं बजावलं. मागून कंपाउंडर हळूच म्हणाला, "येताना आमटीपण आणा."

\*

आता ती अर्धी गोळी. सासूबाईंनी ती अडकित्त्यानं कापली, सुपारीच्या हातानं. एक तुकडा मोठा, एक लहान. मोठा दिला तर जास्त होईल, लहान दिला तर कमी. दोन्ही कागदाच्या पुडीत घेऊन मी पुन्हा डॉक्टरांपुढे. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं.

"एवढ्या फरकानं काही बिघडत नाही. कुठलाही द्या. पण उरलेला तुकडा पोरीच्या हाताला लागेल असा ठेवू नका. ही गोळी लहान मुलानं जास्त खाल्ली तर मूल हातचं जातं. दिसायला चिमूटभर आहे म्हणून फसू नका."

घरी येऊन मी एक तुकडा संडासात टाकला. दुसरा बशीत काढला, गुळाचा खडा शेजारी ठेवला, मंजूला भात भरवला आणि भांडं विसळायला नळावर गेले. दोन मिनिटं, फार तर तीन.

आले तर बशीत गूळ होता, गोळी नव्हती.

एवढाच तुकडा होता, आणि तो तिलाच द्यायचा होता, हे मला तेव्हा सुचलंच नाही. मला फक्त डॉक्टरांचं वाक्य ऐकू येत होतं. टाकलेला तुकडा खरंच टाकला होता का, की तोही बशीतच होता? मंजूचं तोंड उघडून जीभ पाहिली. वास घेतला. "गोळी खाल्लीस? किती खाल्ल्यास?"

तिनं मान हलवली. "कडू असते. मी कशाला खाईन?"

"मग गेली कुठं?"

उत्तराची वाट न बघता मी तिला कडेवर घेतलं, पायात चपला सरकवल्या आणि जिन्याकडे निघाले. तेवढ्यात गॅलरीत बसलेल्या अण्णांनी हाक मारली.

"सूनबाई, थांब जरा. हे काय आहे बघ."

ते तंबाखूला बसले होते. चंची मांडीवर उघडी होती. तळहातावर सुपारीची दोन खांडं आणि अर्धी पांढरी गोळी.

मी तिथंच कठड्याला टेकले. मग मंजूला खाली उतरवलं.

"मंजू, ही अण्णांच्या चंचीत कुणी ठेवली?"

"मी."

"का गं?"

"मला ताप आला तर मला रोज गोळी. अण्णांना केवढे दिवस संप आलाय, त्यांना कुणीच देत नाही."