नागोरावमामांनी धरलेली जागा

नागोरावमामा मला पहिल्यांदा दिसले ते भर चौकात, बाजेवर आडवे पडलेले.

परभणीहून बदली होऊन मी त्या गावच्या नगरपालिकेत लिपिक म्हणून रुजू होणार होते. बसने मला गावाबाहेर फाट्यावरच उतरवलं. उन्हात पाय ओढत चौकात आले, तर दोन्ही बाजूंना हँडलला हँडल घासत मोटारसायकली उभ्या, आणि मधल्या मोकळ्या तुकड्यात सुतळीने विणलेली एक बाज. बाजेवर धोतर-बंडीतला, साठीकडे झुकलेला काटक माणूस. मी शेजारून जाऊ लागले तसा तो उठून बसला.

"ताई, जरा कडंनं जावा. इथं बस यायलीय."

मी दचकून मागे वळून पाहिलं. बस सोडा, साधी रिक्षाही नव्हती.

"कधी येणार आहे?" मी विचारलं.

"ते न्हाई सांगता येत. पर जागा हाय म्हनल्यावर यावंच लागंल की तिला."

कार्यालयात पोचल्यावर मी शेजारच्या टेबलावर हळूच विचारलं, की चौकात तो कोण भ्रमिष्ट माणूस पडलेला असतो? उत्तर आलं, "ते आपले नगरसेवक आहेत. दुपारी सभेला येतील, तेव्हा ओळख होईल."

मामांचं घराणं शेळ्या-मेंढ्या राखणारं. गावाच्या कडेला थोडी जमीन, बाकी सगळा संसार शेळ्यांवर. राजकारणात ते पडले ते डमी म्हणून. वॉर्डातल्या पुढाऱ्याने आपला अर्ज बाद झाला तर असावा म्हणून यांचाही अर्ज भरून ठेवला होता. पुढाऱ्याचा अर्ज खरंच बाद झाला, डमी राहिला आणि निवडून आला. पुढाऱ्याला वाटलं, सही नागोरावची आणि कारभार आपला. पण मामांनी पहिल्याच सभेत त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं. "मी डमी हाय, ते खरं," ते म्हणायचे, "पर निवडून आल्यालो खरा हाय."

बाजेची गोष्ट समजायची तर आधी कॅमेऱ्यांची गोष्ट सांगायला हवी. गावातून मोटारसायकली चोरीला जायच्या. म्हणून नगरपालिकेने चौकातल्या खांबावर कॅमेरा बसवला. तो कॅमेराच चोरीला गेला. सभेत चर्चा झाली, आणि नवा कॅमेरा बसवताना त्याच्यावर नजर ठेवायला समोरच्या खांबावर दुसराही बसवायचं ठरलं. मग एका सदस्याने विचारलं की दुसऱ्यावर नजर कोणी ठेवायची? प्रश्न रास्त होता. शेवटी दोन्ही कॅमेरे एकमेकांकडे तोंड करून बसवले गेले. मामा वर बघून म्हणाले, "नव्या नवरा-नवरीलाबी इतकं बघनं जमत न्हाई."

पण कॅमेरे लागल्याची बातमी पंचक्रोशीत पसरली. चौकात गाडी लावली की ती सुरक्षित, असं जो तो मानू लागला. पूर्णेला रेल्वेत कामाला जाणारे, पोखर्णीला दर्शनाला जाणारे, परभणीला पाहुण्यांकडे मुक्कामाला जाणारे, सगळे गाड्या चौकात सोडून जाऊ लागले. चौक इतका भरला की बसला वळता येईना. दोनदा बस अडकली, एकदा ड्रायव्हरला मागे येता येता पार वेशीपर्यंत यावं लागलं. मग आगाराने बस फाट्यावरूनच फिरवायला सुरुवात केली.

फाटा ते गाव हा रस्ता ओसाड. संध्याकाळी अंधारात तिथे एका मुलीची पर्स आणि मोबाइल कोणीतरी हिसकावून नेला. तिचं नाव रेखा. मामांच्या वॉर्डातल्या दिगंबर टेलरची मुलगी, परभणीला कॉलेजात जायची. दिगंबरने दुसऱ्या दिवसापासून तिचं कॉलेज बंद केलं. तिच्यामागून आणखी काही मुली घरी बसल्या. रेखा रडत मामांच्या दारात आली तेव्हा त्यांनी तिला एवढंच सांगितलं, "पुस्तकं माळ्यावर टाकू नको, पोरी. मी जागा धरतो."

मामा आगारात गेले. तिथले साहेब म्हणाले, चौकात वळायला जागा दाखवा, बस सोडतो. ते नगराध्यक्षांकडे गेले. नगराध्यक्ष म्हणाले, आधी बस येऊ द्या, बस आली की लोक आपोआप गाड्या काढतील. तेव्हा मामांनी घरातली बाज डोक्यावर घेतली, चौकात आणून टाकली आणि तिच्यावरच कचेरी थाटली. नळाला पाणी नाही, दिवा लागत नाही, गटार तुंबलं, सगळ्या तक्रारी ते बाजेवर बसून ऐकायचे. संध्याकाळी बाज डोक्यावर घेऊन घरी.

त्यांची बायको सोजरबाई दुपारी भाकरी घेऊन यायची. ती येताना शेळ्याही घेऊन यायची, कारण त्यांच्याकडे बघणारं आता कोणी उरलं नव्हतं. एकदा मला म्हणाली, "ताई, निवडून आल्यापासून मानूस सरकारी झाला, आता बाजबी सरकारी झाली. मी भुईवर निजते. माझी तकरार कुठं द्यायची?"

मामा म्हणाले, "हितंच दे. बस जरा."

काही दिवसांनी आगाराचे साहेब खरंच जागा बघायला आले. मामांनी लगबगीने बाज उचलून बाजूला घेतली. साहेबांची जीप आली आणि त्या मोकळ्या जागेत नेमकी उभी राहिली. साहेब उतरले, चौकभर नजर फिरवली, म्हणाले, "इथं तर जीप उभी आहे. बस कशी वळणार?"

"साहेब, ती तुमचीच हाय," मामा म्हणाले.

"कोणाची का असेना. जागा नाही, हे खरं ना?" असं म्हणून ते जीपमध्ये बसून गेले. मामांनी बाज पुन्हा जागेवर ठेवली. मी कार्यालयात जाता जाता थांबले होते. काहीतरी बोलावं म्हणून मी म्हटलं, "मामा, वाईट वाटून घेऊ नका." ते म्हणाले, "वाईट कशाचं? साहेब आला, गाडी घेऊन आला, आन् जीप वळून गेली. अर्धं काम झालं."

दिगंबरचं दुकान चौकातच होतं आणि त्याची मोटारसायकल दिवसभर बाजेच्या मागे अडकून पडायची. ज्याच्या मुलीसाठी हे सगळं चाललं होतं, त्यानेच नगरपालिकेत तक्रार दिली की बाज हे अतिक्रमण आहे. विषय सभेपुढे आला. कामकाज लिहायला मी होते.

"बाज हे अतिक्रमण आहे," नगराध्यक्ष म्हणाले.

"अतिक्रमन जागचं हालत न्हाई. मी तर सांजच्याला घरी नेतो," मामा म्हणाले.

"मग रस्त्यात काय म्हणून ठेवता?"

"दिगंबर गाडी काय म्हनून ठेवतो?"

"ते वाहन आहे. वाहन उभं करायला मनाई नाही."

"मंग हेबी वाहन समजा. चार पाय हायेत, मानूस बसतंय. चालत न्हाई म्हनाल, तर दिगंबरची गाडीबी दिवसभर चालत न्हाई."

मुख्याधिकारी नियमांचं पुस्तक उलटू लागले. त्यात बाजेचा उल्लेख सापडेना. तेवढ्यात एक म्हातारे सदस्य म्हणाले, की आमच्या शिवारात रस्ता नाही, आजारी माणूस आम्ही बाजेवरूनच आणतो, तेव्हा बाज वाहन नाही असं कसं म्हणता येईल? सगळे गंभीर झाले. बऱ्याच खलानंतर ठरलं, की निर्णय होईपर्यंत बाज हे वाहन समजावं. मी ते स्वच्छ अक्षरात लिहून घेतलं. कोणी हसलं नाही. मामांनी मात्र उठून सगळ्यांना नमस्कार केला.

आणि मग ती दुपार आली. उन्हाचा कडाका होता, मामांना बाजेवर डोळा लागला होता. दोन माणसं चौकात आली. एकाने बाज उशाकडून धरली, दुसऱ्याने पायथ्याकडून, आणि मामांसकट अलगद उचलून ती लिंबाखाली सावलीत ठेवली. मग त्यांनी मागची दिगंबरची गाडी मोकळी केली. चहाच्या टपरीवाल्याने त्यांना वाट व्हावी म्हणून आपलं बाकडंही सरकवलं. त्याला वाटलं, नगरपालिकेची माणसं अखेर अतिक्रमण काढायला आली. आमच्या कार्यालयातल्यांनाही खिडकीतून पाहून तेच वाटलं. गाडी सुरू करून दोघे निघून गेले.

जमादार पंचनाम्याला आले तेव्हा मामा बाजेवर मान खाली घालून बसले होते.

"चेहरे पाहिले का?" जमादारांनी विचारलं.

"डोळेच उघडले न्हाईत. मला वाटलं बस आली आन् कुनीतरी बाज सरकवायलंय. म्हनून गुमान पडून ऱ्हायलो."

"उचलताना काही बोलले का ते?"

"एकजन म्हनला, म्हातारा उठंल, हळू. मानसं समजदार होती, साहेब. उन्हातनं सावलीत ठेवलं मला. पर चोरी ती चोरीच."

जमादारांनी कॅमेरे तपासले. एका कॅमेऱ्यात दुसरा कॅमेरा दिसत होता, दुसऱ्यात पहिला. मध्ये एक पारवा येऊन बसला होता, तेवढीच काय ती हालचाल.

संध्याकाळी मामा दिगंबरच्या दुकानात गेले. मी ब्लाउज आणायला तिथेच थांबले होते. मामा उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"दिगंबर, माझ्या देखत तुझी गाडी गेली. मी झोपलो. माझ्या शेळ्यांतली तुला पसंत पडंल ती ने."

दिगंबरने मशीन थांबवलं. "शेळीवर बसून परभणीला जाऊ का मी? अस्तर, बटनं, दोरा, सगळं तिथनं आणावं लागतंय मला."

"मंग बस येऊ दे," मामा म्हणाले. दिगंबरने पुन्हा मशीन सुरू केलं, पण मामांना आत येऊन बसायला त्याने पायाने स्टूल पुढे सरकवलं होतं, ते मी पाहिलं.

पुढे जे झालं ते कोणी ठरवूनही झालं नसतं. भर दुपारी, दोन कॅमेऱ्यांखालून, नगरसेवकाला उचलून बाजूला ठेवून गाडी नेली, ही बातमी चुडाव्यापर्यंत पोचली. चौकात गाडी लावणं धोक्याचं, असं जो तो सांगू लागला. दोनचार दिवसांत चौक इतका मोकळा झाला की पोरं तिथे क्रिकेट खेळू लागली. मामांनी आगारात निरोप धाडला. या वेळी साहेबांनी जीप लांब उभी करवली, चालत आले, आणि पुढच्या सोमवारी बस चौकात आली. मामा उठले, बाज कडेला सरकवून दोन्ही हात हलवत, "येऊ द्या, येऊ द्या," करत तिला मागे घेऊ लागले. बस वळली. खिडकीत रेखा बसली होती. कॉलेजातून येताना बापाचं अस्तर आणि बटणं तीच आणणार होती. दिगंबर आता लोकांना सांगत होता, "पोरीचं कॉलेज बंद करून कसं चालंल? माझं दुकान बंद पडंल."

पुढच्या सभेत नगराध्यक्षांनी अभिनंदनाचा ठराव मांडला: कॅमेऱ्यांमुळे चौक मोकळा झाला. मामा उठले. "ठरावाला माझी हरकत न्हाई. कॅमेऱ्यामुळंच झालं, ते खरंच हाय. पर ज्यांनी गाडी नेली तेंचंबी नाव त्यात पायजे. फकत नाव कुनाला ठाव न्हाई." हे कामकाजात कसं लिहायचं, हे मला अजूनही कळलेलं नाही. मी लिहिलं, सदस्य नागोराव यांनी ठरावास पाठिंबा दिला.

मुदत संपली, प्रशासक आले, सगळे नगरसेवक घरी बसले. मामा मात्र सकाळ-संध्याकाळ बस वळवायला येत राहिले. त्यांनी बाज सोजरबाईला परत दिली होती. ते उभ्यानेच काम करायचे. मी एकदा म्हटलं, "मामा, आता तुम्ही पदावर नाही." ते म्हणाले, "मागं घेताना डायवरला पद दिसत न्हाई, हात दिसतेत."

मग निवडणूक लागली. या वेळी मामा डमी नव्हते, स्वतःच्या नावाने उभे होते. त्यांची मतं म्हणजे परभणीला राहून शिकणाऱ्या मुली आणि तिथे कामाला असलेली माणसं. मतदानाच्या दिवशी ती सगळी येणार होती. पण त्या दिवशी आमची बस मतदान केंद्रांवर कर्मचारी पोचवायला नेली गेली. मुली परभणीच्या स्टँडवर बसची वाट बघत राहिल्या. मामा थोडक्यात पडले. निकालानंतर मी भेटायला गेले. तेच म्हणाले, "बस चांगल्याच कामाला गेली होती, ताई. निवडनुकीच्या कामाला."

सोजरबाई चुलीपुढून म्हणाली, "त्याच निवडनुकीत पडले, आन् हे तिचं कौतुक करायलेत."

पुढे माझी परत परभणीला बदली झाली. शेवटच्या दिवशी मामा चौकात होते. मी म्हटलं, "एवढी बस आणलीत, पण तुम्ही तिच्यात कधी बसलेले दिसला नाहीत. एकदा परभणीला घरी या."

"लय गर्दी असती," ते म्हणाले. "मी बसलो तर एका पोरीची जागा जाईल."

मी खिडकीशी बसले. बस मागे घेणार तोच नव्या नगरसेवकाची पांढरी गाडी वळणाच्या जागेत येऊन उभी राहिली. ड्रायव्हर वैतागून हॉर्न वाजवू लागला. मामा सावकाश चालत गेले, काचेवर बोटाने टकटक केलं. काच खाली झाली. मामांनी हात जोडले.

"साहेब, मी माजी झालो, कबूल हाय," ते म्हणाले. "पर बस अजून आजी हाय."